वरची बाजू

भरडावर माझं फ्रेमचं दुकान, दहा बाय आठ.
देव, नवरा-नवरी आणि गेलेली माणसं.
यांच्यात वर कुठलं, खाली कुठलं
हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

मेल्विन लोबो मात्र
लग्नांचे फोटो सोडून
हल्ली चिखल काढतो.
सुकतीला कालावलच्या खाडीत गुडघाभर उतरतो,
तिपाई रुतते, ती उपसतो,
आणि येताना आणतो, आता काय म्हणावं,
राखाडी.
राखाडीत आणखी एक फिकी राखाडी,
मधून गेलेली गंजाची रेघ,
कोपऱ्यात चंदेरी काहीतरी,
मासा म्हणावा तर मासा नाही.

आकाश नाही. माड नाही. होडी तर नाहीच.
म्हटलं, अरे, समुद्रावर जाऊन समुद्रच नाही आणलास?
म्हणाला, समुद्र सगळ्यांकडे आहे.
कॅलेंडरवर आहे, थाळीच्या मेनूवर आहे.

अकरा फोटो, तीन फूट बाय चार.
काळी पट्टी, दीड इंची.
काच नको, उजेड चिकटतो.
नावं नाहीत, नुसते आकडे.
पणजीला प्रदर्शन, शुक्रवारी टेम्पो.

सात नंबर पालथा घालून
मागं हुक ठोकायला घेतला आणि हात थांबला.
वर कुठलं?
फोन लावला. तो खाडीत, रेंज नाही.

तेवढ्यात सत्यवती कुबल आली, नवऱ्याला घेऊन.
गंगारामचा सुटा फोटो कधी निघालाच नव्हता.
मतदार कार्डावरचा नखाएवढा चेहरा
मुलानं मोबाईलवर ताणून ताणून
कुडाळहून छापून आणलेला.
डोळ्यांच्या जागी चौकोन, मिशीच्या जागी धूर.
जवळ गेलं की माणूस जातो,
आठ-दहा पावलं मागं सरलं की परत येतो.
मी तो टेबलावर ठेवला,
सात नंबर उताणा केला, त्याच्या शेजारी.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.
"ह्यां उलट्यां ठेवलंस."

तुम्हाला काय कळलं, म्हटलं.
बोट लावलं नाही तिनं, हवेतच फिरवलं.
ही पाणी परत जायची वाट.
ही तांबडी, वरच्या चिऱ्याच्या खाणीतली माती, वाहून येते.
आणि ही भोकं भोकं?
"मुळे. श्वास घेतत."
मग जरा थांबून,
"उधाणाचो फोटो हा. भांगाक ह्यां उघडां पडणां नाय."

विकतलो? केवड्याक?
मी आकडा सांगितला. पंच्याऐंशी हजार.
ती हसली नाही. वाकून पुन्हा भोकं पाहिली.
"दीड पाटी मुळे असतले तेच्यात," म्हणाली,
आणि शंभर रुपये आगाऊ ठेवून गेली.

संध्याकाळी मेल्विनला सगळं सांगितलं.
बराच वेळ बोलला नाही.
तिला जे दिसतं ना, म्हणाला,
ते पुसायला मला सहा वर्षं लागली.
जरा चिडूनच.
मग म्हणाला, मुळे म्हणाली ती? नक्की?

वरची बाजू त्यानं सांगितली ती नेमकी दुसरी.
तो तळाशीलकडून उतरतो, ती रेवंडीहून.
मध्ये तीच खाडी.
मी दोन्हीकडे हुक मारले
आणि त्याला बोललो नाही.

टेम्पो गेला. अकरा गेले.
गंगाराम राहिलाय, दीडशे रुपये बाकी आहेत,
सत्यवती अजून फिरकली नाही.
समोरच्या भिंतीला लावून ठेवलाय,
पण इथून, खुर्चीवरून,
राखाडी नुसती, चौकोनांची.

नीट दिसायला हवा तर
मला पायरी उतरून रस्त्यावर जावं लागतं.
जातो कधीकधी, दुपारी, गिऱ्हाईक नसताना.
मागून रिक्षावाला हॉर्न मारतो.